डाव्या कोपराचा हिशेब

(पडद्यावर: रिकामं होत चाललेलं ड्रेसिंग रूम. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा.)

सन १९६०. लॉस एंजेलिस. बेसबॉलचा मोसम संपलाय. डॉजर्स संघाचे खेळाडू आपापली कपाटं आवरून घराकडे निघालेत. त्यांतला चोवीस वर्षांचा एक पिचर आपले ग्लोव्ह्ज आणि स्पाइक्सचे बूट उचलतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतो. सहा मोसम झाले. ३६ सामने जिंकले, ४० हरले. आता दुसरा काहीतरी कामधंदा बघावा, असं त्याच्या मनानं घेतलंय.

ड्रेसिंग रूमची व्यवस्था बघणारे नोब कावानो ते सामान डब्यातून काढतात आणि जपून ठेवून देतात. न जाणो, पुढच्या वर्षी लागलं तर.

लागलं.

सँडी कोफॅक्स. डावखुरा. जन्म ३० डिसेंबर १९३५, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन.

त्याची गोष्ट सांगण्याआधी, क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांसाठी थोडं. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. तो मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि साडेसाठ फुटांवरच्या बॅटरकडे चेंडू फेकतो. मध्ये टप्पा नाही. बॅटरची बॅट हुकली, किंवा मारण्याजोगा चेंडू त्यानं सोडला, की स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, याला म्हणायचं स्ट्राइकआउट. मैदानात तीन बेस, म्हणजे थांबे; ते फिरून घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, परतलं की एक धाव. चेंडू टोलवून बेस गाठला तो हिट. चार चेंडू भलतीकडे गेले की बॅटरला पहिला बेस फुकट, तो वॉक. सामन्याची हारजीत पिचरच्या नावावर मांडतात. नऊ इनिंग्ज, प्रत्येकीत तीन बळी, म्हणजे एका संघाचे सत्तावीस. आणि मुख्य फरक असा, की क्रिकेटमध्ये कोपर वाकवून फेकलं तर बोभाटा होतो. इथे फेकणं हेच काम. त्या फेकीचा सगळा झटका कोपरावर येतो. हे कोपर ध्यानात असू द्या.

(पडद्यावर: ब्रुकलिनमधली मुलं, बास्केटबॉलचं मैदान.)

शाळेत असताना सँडीचा जीव बास्केटबॉलमध्ये होता. सिनसिनाटी विद्यापीठात तो गेला तोही बास्केटबॉल खेळत. बेसबॉल नंतर आला. पण त्या डाव्या हातातून सुटणारा चेंडू बघितला की बघणारे चूप व्हायचे. डिसेंबर १९५४ मध्ये घराजवळच्याच ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला करारबद्ध केलं. पगार ६ हजार डॉलर, वर १४ हजारांचा बोनस.

हा बोनसच नडला. त्या काळी नियम होता: ज्या नवख्याला ४ हजारांहून जास्त बोनस दिला, त्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, खालच्या संघात शिकायला पाठवायचं नाही. श्रीमंत क्लबांनी पोरं साठवून ठेवू नयेत, हा हेतू. झालं असं, की जो मुलगा खालच्या मैदानांवर शंभर चुका करून शिकला असता, तो जॅकी रॉबिन्सनसारख्या दिग्गजांच्या संघात बाकावर बसून राहिला. त्याच्यासाठी जागा करायला दुसऱ्या एका डावखुऱ्या पिचरला खाली पाठवलं गेलं. त्याचं नाव टॉमी लासोर्डा. पुढे लासोर्डा याच डॉजर्सचे नामवंत मॅनेजर झाले आणि आपल्याला घालवायला कोफॅक्स लागला, हे आयुष्यभर हसत सांगत राहिले.

पहिल्या वर्षी सँडी फक्त १२ सामन्यांत दिसला. त्यात एक दिवस असा, की सिनसिनाटीचे १४ बॅटर त्यानं स्ट्राइकआउट केले, अवघे दोन हिट दिले. पुढच्या खेपेला चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. वेग भरपूर, लगाम नाही. १९५८ मध्ये डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले, तरी त्याचं तेच. आणि मग तो कचऱ्याचा डबा.

(पडद्यावर: फ्लोरिडा, वसंतातलं सराव शिबिर.)

१९६१. फ्लोरिडात ऑर्लँडोला मिनेसोटाविरुद्ध सरावाचा साधा सामना. कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, नॉर्म शेरी. सुरुवातीलाच सँडीनं वॉक देऊन तिन्ही बेस समोरच्यांच्या खेळाडूंनी भरून टाकले. बेस भरले की तो चिडायचा, आणि चिडला की आणखी जोरात फेकायचा. शेरी चालत त्याच्याकडे गेला. त्याच्या सांगण्याचा अर्थ एवढाच: जोर जरा कमी कर, त्यांना बॅट लावू दे.

सात इनिंग्ज सँडी खेळला. एकही हिट नाही.

आता, एका वाक्यानं माणूस बदलतो यावर माझा तरी विश्वास नाही. सहा वर्षांची मेहनत आत कुठेतरी साचली असणारच. पण त्या मोसमात त्यानं १८ सामने जिंकले आणि २६९ स्ट्राइकआउट्स घेतले. नॅशनल लीग, म्हणजे अमेरिकेतल्या दोन बड्या लीगपैकी एक; तिथला क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा २६७ चा आधुनिक काळातला विक्रम गेला.

त्याची हत्यारं दोनच होती. एक फास्टबॉल. दुसरा कर्व्ह बॉल. लांबसडक बोटांनी तो चेंडूला अशी पुढची फिरकी द्यायचा, की छातीच्या उंचीवर येतोय असं वाटणारा चेंडू बॅटरच्या पुढ्यात विहिरीत पडल्यासारखा खाली जायचा. कित्येकदा कोणता येणार हे बॅटरना त्याच्या हातांच्या ठेवणीवरून कळायचं. कळूनही उपयोग नसायचा.

१९६२ ते १९६६. या पाच मोसमांत १११ विजय, ३४ पराभव. पाचही वर्षं नॅशनल लीगमध्ये धावा देण्याची सरासरी सर्वांत कमी. चार वर्षं ओळीनं, दरवर्षी एक नो-हिटर, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट नाही. जाणकार म्हणतील, डॉजर्सचं नवं स्टेडियम पिचरला धार्जिणं होतं, १९६३ पासून स्ट्राइकचा पट्टाही, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात ती जागाही, वाढवली होती. खरंय. त्यामुळे आकडे थोडे फुगले असतील. पण तोच पट्टा, तेच मैदान बाकीच्या पिचरनाही होतं.

१९६३ मध्ये २५ विजय, ५ पराभव. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या, पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क यांकीजचे पहिले पाच बॅटर त्यानं ओळीनं उडवले, एकूण १५. यांकीजचे योगी बेरा म्हणाले, याने पंचवीस कसे जिंकले ते कळलं, पाच कसे हरला ते कळत नाही.

(पडद्यावर: रात्रीचं डॉजर स्टेडियम, दिव्यांचे झोत.)

९ सप्टेंबर १९६५. समोर शिकागो कब्ज. त्यांचा पिचर बॉब हेंडली, तोही डावखुरा. हेंडलीनं त्या रात्री सबंध सामन्यात एकच हिट दिला. कुठल्याही दिवशी जिंकायला पुरेसं. डॉजर्सची एकमेव धाव आली ती हिटशिवाय: लू जॉन्सनला वॉक मिळाला, तो दुसऱ्या बेसवर सरकला, तिसरा त्यानं चोरला, कॅचरची फेक चुकली आणि तो घरी आला.

आणि सँडीनं? काहीच दिलं नाही. हिट नाही, वॉक नाही, कोणी पहिल्या बेसवर पोचलं नाही. शेवटचे सहाच्या सहा बॅटर स्ट्राइकआउट. सत्ताविसावा होता हार्वी कुएन. १९६३ च्या सँडीच्या नो-हिटरमध्येही शेवटचा बळी याचाच होता. रेडिओवर विन स्कली समालोचन करता करता घड्याळातली वेळ सांगत होते. नऊ वाजून सेहेचाळीस मिनिटं. कुएनची बॅट हवेत फिरली. सत्तावीस आले, सत्तावीस गेले. परफेक्ट गेम.

पाचच दिवसांनी हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. त्या वेळी हेंडली २-१ नं जिंकला. बरं वाटलं वाचून.

(पडद्यावर: ऑक्टोबर १९६५, मिनेसोटाचं मैदान.)

६ ऑक्टोबर. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. सँडी मैदानावर नाही. त्या दिवशी योम किप्पुर आहे, ज्यूंचा उपासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल याच दिवसाला 'दारफाळणीचा सण' म्हणत आलेत. दारं लावून घ्यायची, दिवसभर उपास धरायचा. सँडी काही फार कर्मठ नव्हता. तरी त्या दिवशी तो खेळला नाही आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. अमेरिकेतल्या ज्यू घरांत ही गोष्ट आजही सांगतात.

त्याच्या जागी डॉजर्सचा दुसरा बडा पिचर डॉन ड्रायस्डेल उतरला आणि धू धू धुतला गेला. मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन त्याला बाहेर काढायला आले, तेव्हा ड्रायस्डेल म्हणाला, मीही ज्यू असतो तर बरं झालं असतं, असं वाटत असेल ना तुम्हाला!

सिरीज सातव्या सामन्यापर्यंत गेली. १४ ऑक्टोबर. दोनच दिवसांची विश्रांती घेऊन सँडी उभा राहिला. कर्व्ह बॉल पडेना. मग जवळजवळ सगळा सामना नुसत्या फास्टबॉलवर काढला, तीन हिट देऊन. डॉजर्स २-०.

दोनच दिवसांची विश्रांती, असं मी म्हटलं. आता त्या कोपराकडे येऊ.

(पडद्यावर: बर्फाच्या पाण्याचं भांडं. त्यात बुडवलेला हात.)

सँडीला बॅटिंग येत नव्हती. कारकिर्दीची सरासरी ०.०९७, म्हणजे शंभरात दहा हिटसुद्धा नाहीत. आणि नियतीचा खेळ बघा, हाताची दोन्ही मोठी दुखणी आली बॅटिंगच्या डावात. १९६२ मध्ये बॅटच्या मुठीवर चेंडू आदळून तळव्यातली रक्तवाहिनी दुखावली, बोट बधिर पडलं, मोसमाचे जवळजवळ दोन महिने गेले. आणि ऑगस्ट १९६४ मध्ये, क्वचित कधी नव्हे तो बेसवर पोचलेला असताना, दुसऱ्या बेसकडे परत झेप घेताना तो डाव्या कोपरावर पडला.

१९६५ च्या वसंतात एका सकाळी उठला तर हात काळानिळा. डॉक्टर रॉबर्ट केर्लन म्हणाले, सांधा झिजलाय, संधिवात आहे. आठवड्यातून एकदाच खेळलास तर बरं. त्या वर्षी तो ३३५ इनिंग्ज खेळला. ३८२ स्ट्राइकआउट्स घेतले, आधुनिक बेसबॉलमधला तेव्हाचा विक्रम.

कसा खेळला? कोपरात कॉर्टिझोनची इंजेक्शनं. वेदनेसाठी कोडीन. सुजेसाठी ब्युटाझोलिडिन, जे शर्यतीच्या घोड्यांना देतात. सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं जळजळीत मलम, आणि सामन्यानंतर बर्फाचं पाणी. कातडी बर्फानं जळू नये म्हणून टायरच्या ट्यूबची रबरी बाही.

एवढं करून पैसे? १९६६ च्या आरंभी सँडी आणि ड्रायस्डेलच्या लक्षात आलं, की वाटाघाटीत क्लब एकाला दुसऱ्याचा आकडा दाखवून दोघांनाही खाली खेचतोय. दोघांनी एकी केली. तीन वर्षांचे मिळून दहा लाख डॉलर द्या, नाहीतर खेळत नाही. खेळाडूला क्लब बदलायचा हक्कच नव्हता तो काळ. ३२ दिवस ते अडून बसले. शेवटी सँडीला सव्वा लाख, ड्रायस्डेलला १ लाख १० हजार.

त्या मोसमात २७ विजय. वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोरसमोर त्याच्या मागे विली डेव्हिसकडून एकाच इनिंगमध्ये तीन चुका झाल्या आणि जिम पामर नावाच्या वीस वर्षांच्या पोरानं सामना नेला. सँडीचा तो शेवटचा सामना.

१८ नोव्हेंबर १९६६. बेव्हर्ली विल्शर हॉटेल. वय तीस. तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदाही एकमतानं, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवलेला माणूस माईकसमोर बसतो आणि सांगतो, बस्स. बेसबॉलनंतरही मला बरीच वर्षं जगायचंय, आणि ती धड शरीरानं जगायची आहेत. कचऱ्याचा डबा ते हा माईक, मध्ये फक्त सहा वर्षं.

१९७२ मध्ये हॉल ऑफ फेम, बेसबॉलच्या दिग्गजांचं मानाचं दालन. वय ३६, इतक्या लहान वयात आजवर दुसरा कोणी निवडला गेलेला नाही.

(पडद्यावर: शस्त्रक्रियेच्या खोलीतले दिवे.)

आणखी दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, डॉजर्सच्याच एका डावखुऱ्या पिचरच्या कोपरातला अस्थिबंध फाटला. केर्लनचे सहकारी डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातला स्नायुबंध काढून कोपरात बसवला. अशी शस्त्रक्रिया कोणा पिचरवर आधी झाली नव्हती. आज ती त्या पिचरच्याच नावानं ओळखतात: टॉमी जॉन. दोघांचं दुखणं एकच नव्हतं, हे खरं. पण टॉमी जॉन दीड वर्षात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेनंतर त्यानं जिंकलेले सामने १६४. सँडी कोफॅक्सचे, सगळ्या कारकिर्दीचे मिळून, १६५.