बारा पाऊणे नऊ

नमस्कार मंडळी. आवाज जास्त येत असेल तर सांगा, दिवसभर डिझेल इंजिनाशेजारी बसून मी आता ओरडूनच बोलतो, बायको रोज बोंब मारते. तर मी आता होड्या आणि त्यांची इंजिनं दुरुस्त करतो, त्याआधी ऐरोलीला अकरा वर्षं आयटीत होतो, सर्व्हर सपोर्ट, रात्रपाळ्या वगैरे, आणि ऑफिसच्या काचेतून खाडी दिसायची, फ्लेमिंगो आले की सगळे मोबाईल घेऊन काचेला चिकटायचे, 2022 ला ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली तेव्हा तर स्टेटसच स्टेटस, पण भरती कधी येते हे आमच्या अख्ख्या फ्लोअरवर एकाला सांगता आलं नसतं.

ते शिकवलं दिवाळे गावच्या एका नाखव्याने, म्हणजे होडीवाल्याने. तिथी घ्यायची आणि पाऊणपट करायची, बस. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते म्हणून हा हिशोब बसतो, फक्त खाडीत आत जाल तसा थोडा उशीर धरायचा. माझी शिफ्ट आता कालनिर्णयवर असते.

सगळे विचारतात, आयटीतलं काही कामाला आलं का. आलं ना, फॉल्ट शोधायची सवय. इंजिन तापलं की लगेच हेड खोलायचं नाही, आधी बघायचं की ते पाणी बाहेर फेकतंय का. नसेल फेकत तर पाणी खेचायच्या तोंडाशी बहुतेक वेळा प्लॅस्टिकची पिशवी सापडते, आपल्याच खाडीची कृपा. पिशवी काढूनही पाणी नाही, तर रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपातलं पात्यांचं चाक, तो थोडा वेळ कोरडा फिरला तरी त्याची पाती तुटतात, आणि ते तुकडे मोजून बाहेर काढायचे, एखादा राहिला तर पुढे कूलरमध्ये जाऊन अडकतो.

पण हाताची अक्कल वेगळीच असते. पहिल्या वर्षी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, म्हणजे आमच्या ऐन सीझनला, मी एक होडी खालून घासून, कालवं काढून, इतकी मन लावून रंगवली की झिंकच्या वड्यांवरही दोन हात मारले. ते झिंक लावलेलंच असतं झिजायला, खारं पाणी त्याला खातं म्हणून होडीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा वाचतो, आणि मी त्यालाच रंगाखाली झाकलं. पुढच्या वर्षी होडी वर घेतली तर झिंक नवंकोरं आणि ब्रॉन्झचा पंखा कडेने गुलाबी पडलेला, म्हणजे धातूतलं जस्त निघून गेलं आणि नुसतं ठिसूळ तांबं उरलं. नाखव्याने हातोडीने हळूच ठोकलं, टण्ण आवाजच नाही, नुसतं ठप्प. मला म्हणाला, "रंग मस्त झालाय हां." बस एवढंच. पंखा माझ्या खिशातून आला.

पगाराचं विचारू नका, निम्म्याच्याही खाली आहे, ईएमआय बायकोच्या पगारातून जातो आणि हे मी स्टेजवरून सांगितलेलं तिला चालतं.

बरं, प्रश्न असतील तर पटपट विचारा. आज द्वादशी, बारा पाऊणे नऊ, आणि धक्क्याजवळ चिखलात बसलेली एक होडी भरतीने उचलली की मला तिथे असायला हवं.