टोपीच्या रिव्हॉल्व्हरांतील आडवळणे

मित्रहो, काळ्या दारूची, म्हणजे बंदुकीच्या जुन्या दारूवर चालणारी, आणि टोपीने (आघात होताच ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या वाटीने) पेटणारी जुनी रिव्हॉल्व्हरे जमवणारे बहुतेक जण कोल्ट आणि रेमिंग्टन या अमेरिकी कारखान्यांपासून सुरुवात करतात आणि त्यांतले बरेचसे तिथेच थांबतात. आज मी त्या दोघांच्या आडोशाला राहिलेल्या विचित्र नमुन्यांबद्दल बोलणार आहे. असल्या प्रत्येक वस्तूमागे कुणाला तरी भेडसावलेली एक अडचण असते, आणि ती अडचण ओळखता आल्याशिवाय वस्तूवर पैसा घालू नये, असे माझे मत आहे.

सॅम्युएल कोल्टचे १८३६चे अमेरिकी पेटंट १८५७पर्यंत टिकले. त्या कुंपणाबाहेर राहून काय करता येते, याचा टोकाचा नमुना म्हणजे १८३७च्या पेटंटचे कॉक्रनचे रिव्हॉल्व्हर. त्यात आडव्या चकतीच्या परिघावर दारू-गोळीचे कप्पे बसवलेले आहेत, त्यामुळे गोळी झाडताना एखादा भरलेला कप्पा थेट झाडणाऱ्याकडेच रोखलेला असतो. ते फारसे का खपले नाही, हे सांगायला नकोच. पुढे १८५५मध्ये रॉलिन व्हाइटने आरपार छिद्रांच्या सिलिंडरचे (कप्प्यांच्या फिरत्या नळकांड्याचे) पेटंट मिळवले आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसनकडे गेला. १८६९पर्यंत इतर अमेरिकी कारखानदारांना मागून काडतूस भरायची वाट बंद झाली आणि बहुतेकांना दारू, गोळी व टोपी यांवर डोके चालवावे लागले; त्यातच १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले व मागणी उसळली.

माझे सर्वांत लाडके रिव्हॉल्व्हर म्हणजे १८६१चे सॅव्हेज नेव्ही. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो, ही त्यामागची अडचण. चापाखाली एक कडे असते. ते मधल्या बोटाने मागे ओढले की सिलिंडर मागे सरकून फिरते आणि घोडा (टोपीवर आपटणारा हातोडा) चढतो, व कडे सोडले की सिलिंडर पुढे येऊन नळीला भिडते. नळीचे मागचे टोक किंचित निमुळते आणि कप्प्याचे तोंड त्याच मापाने आतून उतरते केलेले असते, म्हणून ते एकमेकांत बसतात. विकत घेताना मी कडे सावकाश सोडतो आणि तो सांधा उजेडासमोर धरून पाहतो. तिथे फट दिसली, तर बाहेरून कितीही चकचकीत असले तरी त्या रिव्हॉल्व्हरचा जीव गेलेला आहे असे समजावे. घोडा मात्र रिकामा पाडू नये. टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळीचे, म्हणजे निपलचे, तोंड चेपते.

न्यू ऑर्लिन्सच्या ल मॅ यांचे १८५६च्या पेटंटचे रिव्हॉल्व्हर सर्वांना ठाऊक असते. नऊ कप्प्यांचे सिलिंडर ज्या आसाभोवती फिरते, तो आसच छर्र्यांची एक जाड नळी आहे, आणि घोड्याच्या टोकाचा छोटा तुकडा हलवून कोणती नळी झाडायची ते ठरवता येते. कल्पना देखणी आहे, पण हे रिव्हॉल्व्हर हातात जड भरते. त्याच्या इटलीत बनलेल्या आधुनिक प्रतिकृतीही बाजारात मिळतात, म्हणून परीक्षणाच्या खुणा (नळीची चाचणी झाल्याचे शिक्के) खरवडून काढल्याचा संशय येईल त्या जागी भिंग लावून पाहावे. घासलेला पृष्ठभाग शेजारच्या लोखंडाहून किंचित खोलगट असतो.

शेवटी वॉल्चचे बारा बारांचे नेव्ही मॉडेल. सिलिंडरमध्ये कप्पे सहाच, पण प्रत्येकात एकापुढे एक असे दोन बार, म्हणजे दारू आणि गोळीच्या दोन भरण्या. त्यासाठी बारा निपल, दोन घोडे आणि दोन चाप. पुढच्या बाराची ठिणगी वेगळ्या अरुंद वाटेने जाते. मागची गोळी घट्ट बसलेली नसेल, तर पुढच्या बाराची आग मागे पोहोचून दोन्ही बार एकदमच उडत.

टोपीच्या रिव्हॉल्व्हरांतून भरलेला बार सहजासहजी काढता येत नसे. तो झाडूनच टाकावा लागे, म्हणून कित्येक रिव्हॉल्व्हरे भरलेलीच पेटीत गेली. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. म्हणून आधी टोप्या काढाव्यात, मग प्रत्येक कप्प्यात लाकडी काडी घालून आतली खोली मोजावी आणि सिलिंडरच्या बाहेरच्या लांबीशी ताडून पाहावी. वॉल्चच्या बाबतीत हे विशेष जपून करावे, कारण पुढचा बार झाडला गेलेला असला तरी त्यामागचा तसाच बसून असू शकतो.