नफा किलोचा की तासाचा?

श्रोतेहो, नमस्कार. डोंबिवलीला राहणारी माझी मावशी अनेक वर्षे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते आणि तिचा हिशेब लाल पुठ्ठ्याच्या वहीत अतिशय नीटनेटका असतो. मागच्या दिवाळीपूर्वी तिने ठरवले की या खेपेस चिवडा कमी करायचा आणि चकली वाढवायची, कारण साहित्य, गॅस व पिशवी यांचा खर्च वजा जाता चकलीच्या किलोमागे 250 रुपये उरत होते आणि चिवड्याच्या किलोमागे जेमतेम 150. तरीही वहीतले आकडे एकदा संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आपोआप हिशेब करणाऱ्या तक्त्यात, मांडून पाहावेत, म्हणून तिने मला बोलावले.

मी आकडे भरले, बेरजेचे सूत्र घातले आणि मोठ्या रुबाबात सांगितले की गेल्या वर्षी चकली 41 किलो गेली. मावशी सोललेल्या लसणावरून नजरही न उचलता म्हणाली, “अगं, साठाच्या आत मी कधी थांबलेच नाही.” शोध घेतला तेव्हा कळले की काही चौकटींत मी वहीतल्यासारखे ‘5 किलो’ असे अक्षरांसकट लिहिले होते. अशा चौकटीला संगणक मजकूर समजतो आणि बेरजेतून तिला गुपचूप वगळतो. चूक झाल्याचे सांगतही नाही. म्हणून सांगते, चौकटीत केवळ आकडा लिहावा, ‘किलो’ आणि ‘रुपये’ हे शब्द रकान्याच्या मथळ्यात लिहावेत. आणि बेरीज पाहण्याआधी ती साधारण किती यावी, याचा अंदाज मनाशी बांधावा. मावशीने तो बांधला होता, मी बांधला नव्हता.

बेरीज जुळल्यावर मी एक रकाना वाढवला आणि विचारले, एक किलोला तुझा वेळ किती जातो? भाजणी मळणे, सोऱ्याने पाडणे आणि मंद आचेवर तळणे धरून चकलीला 50 मिनिटे लागत होती, तर चिवडा मोठ्या कढईत पाच-पाच किलोंचा होत असल्यामुळे त्याला किलोमागे 12 मिनिटेच लागत होती. म्हणजे तासाचा हिशेब केला तर चकली 300 रुपये देत होती आणि चिवडा 750. मावशीकडे पीठ, तेल, गिऱ्हाईक यांपैकी कशाचीही टंचाई नव्हती. दिवाळीपूर्वीच्या त्या आठ दिवसांत टंचाई होती ती तिच्या दोन हातांची. जे अपुरे आहे, त्यामागे किती उरते ते पाहायचे असते, आणि वहीत नेमका तोच रकाना नव्हता.

स्प्रेडशीटची खरी गंमत यानंतर आहे. 1979 साली ॲपल टू संगणकावर आलेल्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटची कल्पना डॅन ब्रिकलिन यांना हार्वर्डमध्ये व्यवसाय व्यवस्थापन शिकताना सुचली; फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. आम्हाला काहीच पुसावे लागले नाही. चकलीचा 480 रुपये हा भाव आम्ही चढवत गेलो, तेव्हा ती चिवड्याच्या बरोबरीला आली 855 रुपयांवर. “या भावाने मीसुद्धा घेणार नाही,” असे म्हणून मावशी हसली. मात्र चकलीवाचून तिच्याकडे फराळ कोणी मागवत नाही, ही गोष्ट तक्त्यात कुठेच नव्हती आणि तिला पक्की ठाऊक होती. तेव्हा तिने सुटी चकली बंद केली आणि दोन किलो चिवड्यामागे अर्धा किलोच द्यायची, असा नियम केला.

यंदा सोऱ्यासाठी तिला एक मदतनीस मिळाली आहे. मिनिटे घटतील, पण खर्चाच्या रकान्यात तिची मजुरी चढेल, आणि तो आकडा आपण स्वतः भरणार असल्याचे मावशीने मला आधीच बजावले आहे.