टोटो इतकी वर्षं गप्प का होता?

मंडळी, मुलांसाठी मालिका लिहिणाऱ्यानं समीक्षकाला एक वेळ भिऊ नये, चौथीतल्या पोराला भ्यावं. आपण पुस्तक एकदा वाचून ठेवून देतो. ते पोर पारायणं करतं, आणि कोण कुणाशी कधी खोटं बोललं हे त्याला तोंडपाठ असतं. त्यातून आपल्या नागपुरात बर्डीवर जुनी पुस्तकं धुंडाळायची सवय. पाचवा भाग आधी सापडतो, पहिला कधीतरी नंतर. लेखकानं हळूच केलेली सारवासारव अशा वाचकाला लगेच दिसते.

अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉमची ओझ या जादूच्या देशावरची मालिका घ्या. पहिलं पुस्तक १९०० सालचं, त्यानं लिहिलेली एकूण १४. पहिल्यात डोरोथी नावाची मुलगी आपल्या टोटो कुत्र्यासकट ओझमध्ये पोचते, पण टोटो तिथे नुसता भुंकतो. कुणाची तक्रार नाही. पण १९०७च्या पुस्तकात डोरोथीबरोबर बिलिना नावाची कोंबडी परीलोकात पोचली आणि घडाघडा बोलायला लागली. पुढे मांजर बोललं, खेचरही बोललं. आमच्या वाचनवर्गात मी हे सांगत होतो, तर मागून आवाज आला, "सर, मंग टोटो काहून नाई बोलत जी?"

१९१४च्या पुस्तकात हाच प्रश्न खुद्द डोरोथीला पडतो. राणी ओझ्मा म्हणते, येतं की त्याला, मनात आलं तर! टोटो शेपूट हलवतो, बस. डोरोथी हट्टच धरते, तेव्हा कुठे तो तोंड उघडतो. लेखकाची विसंगती बघता बघता कुत्र्याचा स्वभाव झाली. याला म्हणतात कसब.

पहिल्या पुस्तकातल्या ओझच्या जादूगाराचं मात्र मला पटलेलं नाही. १९०४च्या पुस्तकात तान्ह्या ओझ्माला मॉम्बी चेटकिणीच्या हवाली करणारा हाच. १९०८मध्ये स्वारी मुलांची लाडकी होऊन परतते, ओझ्मा त्याला आनंदानं ठेवून घेते, आणि सगळं पाप मॉम्बीच्या माथी! जाब नाही, माफी नाही.

जुनी पात्रं पुन्हा वापरण्यात कमीपणा नाही. १९१०मध्ये बॉमनं ओझचं दार लावून घेतलं होतं, १९११मध्ये त्याचं दिवाळं निघालं, आणि १९१३मध्ये तो मुकाट्यानं परत आला. दुसऱ्या पुस्तकांतली ट्रॉट आणि लाकडी पायाचा कॅप्टन बिल यांना त्यानं १९१५मध्ये ओझमध्ये आणलं. ती दोघं तिथे रुळली, कारण एकमेकांशी वागायची त्यांची तऱ्हा बदलली नाही. बटन-ब्राइटचं उलट. १९०९मध्ये हे पोर बहुतेक प्रश्नांना "माहीत नाही" म्हणतं. १९१२मध्ये तेच जादूची छत्री घेऊन चुणचुणीतपणे हिंडतं. पोरं मोठी होतात, कबूल. पण ती मोठी होताना दिसायला नकोत?

तुमच्यातल्या लिहिणाऱ्यांनी पात्रांची वही ठेवावी. केसांचा रंग, उंची सावकाश लिहा. आधी लिहा, हा कुणाला भितो, कुणाचं काय देणं लागतो, आणि कुठल्या प्रश्नाला नेहमी टाळतो.