फवारणीचं विमान उडाल्या उडाल्या का कोसळतं?

नमस्कार. फवारणीचं विमान धावपट्टी सोडतं, जेमतेम झाडाच्या शेंड्याएवढं वर जातं आणि समोरच्या शेतात आदळतं. अशा वेळी पहिला संशय इंजिनावर जातो. पण इंजिन ठणठणीत असूनही हे घडतं, कारण घोळ टाकी भरतानाच झालेला असतो.

अमेरिकेतलं एअर ट्रॅक्टर ५०२बी घ्या. पायलटच्या पुढ्यात साधारण १,८९० लिटरची टाकी. रिकामं विमान सुमारे २,०६० किलो, उड्डाणाची वजनमर्यादा ४,२६० च्या आसपास. म्हणजे औषध, इंधन आणि पायलट, सगळं २,२०० किलोत बसवायचं. टाकीभर पाणी असेल तर इंधन बेतानं घेऊन जमतं. आता त्याच खुणेपर्यंत ३२ टक्के नत्राचं द्रवरूप खत, यूएएन, भरा. ते लिटरला १.३२ किलो भरतं. नुसती टाकीच झाली २,५०० किलो! टाकीवरची खूण लिटर दाखवते, किलो नाही.

त्यात ऊन. ३०० मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर ३५ अंश तापमान असेल, तर हवा ११०० मीटरवर असल्यासारखी विरळ असते. शिवाय टाकी भरणारी गाडी एका टोकाला उभी, म्हणून वेळ वाचवायला तिथूनच, वारा पाठीशी घेऊन उड्डाण. त्यामुळे जमिनीवरची धाव आणखी लांबते.

फसगत होते ती पुढे. जमिनीलगत हवेचा अवरोध कमी असतो, त्यामुळे जड विमानही कमी वेगात उचललं जातं. पंखांच्या पसाऱ्याइतकं वर गेलं की ही सवलत संपते. विमान खचतं, पायलट नाक वर करायला स्टिक (विमान चालवायचा दांडा) ओढतो, वेग आणखी पडतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. त्यात वळण घेतलं तर संपलंच: ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो.

उपाय पायलटच्या हाताशीच असतो, डंप लिव्हर. ओढला की टाकीचं खालचं दार उघडून काही सेकंदांत माल खाली. त्याच क्षणी नाक वर उसळतं, म्हणून स्टिक पुढे दाबायची आणि सरळच जायचं. माल महाग आहे म्हणून थांबू नका, कृपा करून थांबू नका. धावपट्टीवर आधीच खूण ठरवा. तिथवर चाकं सुटली नाहीत तर माल सोडा. दाराच्या फटीत औषध वाळून ते अडकतं, म्हणून हंगामाआधी पाणी भरून लिव्हर ओढून बघा.

आणि मदतीला धावणाऱ्यांनो, वारा पाठीशी ठेवूनच जवळ जा, हातमोजे घाला. टाकीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विषारी कीटकनाशक असेल तर ते कातडीतूनही भिनतं. पायलटला विमानापासून दूर नेल्यावर भिजलेले कपडे लगेच काढा, अंग भरपूर पाण्यानं धुवा आणि औषधाचं नाव डॉक्टरांना सांगा.