जालन्याची आळी आणि लिव्हरवरची चरबी

[दृश्य: रेशीम शेड, पहाट. रॅकवर तुतीच्या फांद्या टाकल्या जाताहेत.]

हा आवाज ऐका. नवखा माणूस शेडबाहेर येऊन आभाळाकडं बघतो, भुरभुर सुरू झाली की काय म्हणून. पाऊस नाही. चौथी कात टाकून उठलेल्या आळ्या पाला खाताहेत. एका मादीनं घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज; अशा 100 अंडीपुंजांची बॅच म्हणजे 40 हजारांच्या वर तोंडं, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांना ना दिवस कळतो ना रात्र.

जालना जिल्ह्यातल्या या शेडमध्ये आम्ही कोषाचा भाव विचारायला आलेलो नाही. हीच आळी खाऊन लिव्हरवरची चरबी उतरेल का, असा आमचा प्रश्न. तो ऐकून मालकीणबाईंच्या हातातली फांदी तशीच राहिली.

"लेकरावानी जपतो भाऊ हिला. हात धुतल्याबिगर शेडात पाय टाकीत नाही. अन् तुम्ही खायचं इचारताय?"

मग जरा थांबून, "ह्यांच्या सोनोग्राफीत निघालंय ते. लिव्हरला चरबी. दारूचा थेंब नाही घेतला कधी."

[दृश्य: कापडी पिशवीतून निघालेला, घड्या पडलेला रिपोर्ट.]

दारू न पिणाऱ्याचं लिव्हर चरबीनं भरतं, हे गावात अजून पटत नाही. रिपोर्ट लपवला जातो तो त्यामुळंच. खरं तर पोटात गेलेली साखर आणि पिठूळ पदार्थ खर्चापेक्षा जास्त झाले, की लिव्हर त्यांची चरबी करतं आणि स्वतःतच साठवतं. सडपातळ माणसालाही हे होतं. 2023 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून दारूचा उल्लेखच काढला आणि नाव चयापचयाशी जोडलं.

आता आळी. तुतीच्या पाल्यात डीऑक्सिनोजिरिमायसिन नावाचा पदार्थ असतो. पिठूळ पदार्थांची साखर करणाऱ्या आतड्यातल्या पाचकरसाला तो अडवतो. आळी आयुष्यभर तुतीशिवाय काही खात नाही, म्हणून तो तिच्या अंगात साठत जातो. दक्षिण कोरियात कोष विणायच्या बेतात आलेली आळी वाफवून, गोठवून, सुकवून तिची पूड करतात. वाफवायचं कारण साधं आहे: त्या वेळी तिच्या पोटात रेशीम गच्च भरलेलं असतं, तशी ती दळली जात नाही. ही पूड दारू पाजलेल्या उंदरांना दिली, तेव्हा त्यांच्या लिव्हरमधली चरबी कमी भरली.

जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाचा 2019 चा प्रयोग वेगळ्या किड्यावरचा, पिठातल्या पिवळ्या आळीवरचा. जन्मतः लठ्ठ जातीच्या उंदरांच्या खाण्यातलं दुधाचं प्रथिन काढून त्या जागी या आळीचं पीठ घातलं. लिव्हरमधली चरबी उतरली.

उंदीर, उंदीर आणि उंदीर. माणसांवरचा एक प्रयोग अमेरिकेत 2018 मध्ये झाला. 20 निरोगी माणसांनी 14 दिवस रोज 25 ग्रॅम रातकिड्यांची पूड खाल्ली. पोटातले काही चांगले जिवाणू वाढले, सूज दाखवणारा एक घटक कमी झाला. फॅटी लिव्हरचा रुग्ण त्यात एकही नव्हता. त्यामुळं उद्या कुणी पुडीत भरून 'लिव्हरवर रामबाण' म्हणून विकायला आला, तर त्याला आल्या वाटेनं परत पाठवा.

किडे खाणं काही जगावेगळं नाही. आसामात एरी रेशमाचा कोषकिडा आवडीनं खातात. ओडिशातल्या सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडं मात्र माळकरी घरात हा विषय काढायचा म्हणजे धाडसच.

[दृश्य: धागा काढण्याचं युनिट. गरम पाण्यात फिरणारे कोष.]

2018 मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथला शेतकरी पोती घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचा. ओल्या कोषाच्या वजनातला जवळजवळ चार पंचमांश भाग आतल्या किड्याचा. धागा निघाला की हा तपकिरी ढीग उरतो. प्रथिनं भरपूर, तेल भरपूर, आणि वास असा की कॅमेरामन दोनदा बाहेर जाऊन आला. तेल लवकर खवट होतं, म्हणून हा माल कोंबड्यांच्या नाहीतर माशांच्या खाद्यात जातो. माणसाच्या ताटात आणायचा तर धागा निघाल्या निघाल्या स्वच्छ सुकवावा लागेल. शिवाय मघाचा तो तुतीतला पदार्थ आळीत जास्त, या किड्यात कमी. आणि आळीच दळली, तर रेशीम कुठलं?

दोन गोष्टी मात्र आजच सांगाव्या लागतील. झिंगा किंवा खेकडा खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांना किड्यांचीही तशीच ॲलर्जी होऊ शकते. आणि बांधावरचा कुठलाही किडा उचलून तोंडात टाकू नका. शेजारच्या कपाशीवर फवारा मारला की वाऱ्यानं तो तुतीवर येतो आणि अख्खी बॅच झोपते. या शेडनं गेल्या वर्षी तेच सोसलं.

डॉक्टरांचा सल्ला जुनाच आहे: वजन 7 ते 10 टक्के उतरवा, चाला, साखर तोडा. आजार पुढं गेलेल्यांसाठीचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं तेही 2024 मध्ये.

[दृश्य: पिवळसर, आरपार दिसणाऱ्या आळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, सोडल्या जाताहेत.]

पिकलेल्या आळ्या बाई एकेक करून उचलतात, बोटांच्या टोकांनी. मालक बाजूला उभे, रिपोर्टची पिशवी काखेत.

निघताना चहा आला. बशीत ओतला, तर पाकासारखा गोड.