‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ : हॅव शिकताना

मंडळी, आज मी एकाच क्रियापदाबद्दल बोलणार आहे. हॅव. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलालाही ‘आय हॅव अ बॉल’ म्हणता येतं. तरीही दहावी होऊन, पुढे पदवी घेऊन नोकरीला लागलेली आपली मुलं याच शब्दापाशी अडखळतात. का अडखळतात, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

सुरुवात एका वहीपासून करतो. नववीचा वर्ग होता, रजेचा अर्ज लिहायला दिला होता. एका मुलीने लिहिलं होतं, ‘माय मदर इज हॅविंग फीवर.’ मी ‘इज हॅविंग’वर लाल रेघ ओढली, वर ‘हॅज’ लिहिलं आणि वही परत दिली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, ‘सर, आईला ताप आत्ताच आहे ना? अजून उतरला नाहीये. मग आयएनजी का नको?’ तिचा प्रश्न अगदी रास्त होता. चालू काळाला आयएनजी लावायचा, हे मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, ‘तसा नियम आहे.’ ती मान हलवून गेली. ते उत्तर मला आजही टोचतं, कारण तिने विचार केला होता आणि मी केला नव्हता.

आपण मुलांना सांगतो, हॅव म्हणजे जवळ असणे. तिथेच गाडी रुळावरून घसरते. मराठीत अशा अर्थाचं एक क्रियापद नाहीच. आपल्याकडे फक्त ‘आहे’ आहे, आणि बाकीचं सगळं काम विभक्ती करते. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे सायकल आहे. घराला तीन दारं आहेत. तिच्यात धमक आहे. त्याच्या अंगात ताप आहे. इंग्रजीत या सगळ्यांना एकच हॅव चालतं. उलट मराठीत किती बारकावा आहे बघा. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे नातं झालं. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं की ऐकणारा समजतो, भाऊ सध्या मुक्कामाला आलेत. हा फरक आपल्या पाच वर्षांच्या मुलालाही कळतो, कुणी न शिकवता. एवढी समज घेऊन जे मूल वर्गात येतं, त्याला आपण कच्चं म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दुसरी चूक. ‘शी हॅव टू ब्रदर्स.’ हॅज कधी आणि हॅव कधी हे मुलाला पाठ असतं, तरी वाक्यात हॅव येतं. मराठी वाक्य शेजारी ठेवा. तिला एक भाऊ आहे, तिला दोन भाऊ आहेत. आपलं क्रियापद भावांकडे बघून बदलतं, ‘तिच्या’कडे बघून नाही. मूल इंग्रजीतही भाऊ मोजतं. इंग्रजीत मात्र वाक्याची मालकीण ‘शी’ आहे; भाऊ एक असो वा पाच, हॅजच. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहून क्रियापदापासून बाण काढायला लागलो, मराठीत भावाकडे, इंग्रजीत तिच्याकडे. नुसत्या नियमाने जे होत नव्हतं ते त्या बाणांनी झालं.

आणि यात आपण जगावेगळे नाही. संस्कृतात ‘मम द्वौ पुत्रौ स्तः’ म्हणतात, तिथेही क्रियापद मुलांचं द्विवचन धरतं. रशियन माणूसही ‘माझ्यापाशी आहे’ अशाच वळणाने बोलतो. इंग्रजी हॅव ज्या जुन्या धातूपासून आलं त्याचा अर्थ होता पकडणं, मुठीत घेणं. लॅटिनमधलं ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, त्याच घराण्यातलं. मुठीत धरायचं तर धरणारा आधी लागतो, म्हणून तिथे मालक पुढे येऊन बसला.

परत त्या मुलीकडे येतो. आज ती विचारती तर मी सांगितलं असतं, बाळ, वाक्य आधी मराठीत म्हण. शेवटी नुसतं ‘आहे’ आलं तर हॅव किंवा हॅज, आयएनजी नको. आईला ताप आहे, तर ‘शी हॅज फीवर.’ आमची गाडी आहे, तर ‘वुई हॅव अ कार.’ पण करतोय, घेतोय, खातोय असं काही आलं तर हॅविंग खुशाल वापर. बाबा चहा घेतायत, ‘ही इज हॅविंग टी.’ आम्ही जेवतोय, ‘वुई आर हॅविंग लंच.’ तिला बाळ आहे, ‘शी हॅज अ बेबी.’ आणि ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. एका आयएनजीने केवढा फरक पडला! ही कसोटी शंभर टक्के प्रत्येक जागी लागू पडेल असं मी म्हणत नाही, पण रोजच्या बोलण्यात ती क्वचितच दगा देते.

‘हॅव टू’बद्दल थोडक्यात. ‘मला जायचं आहे’ यात इच्छाही असू शकते आणि गरजही. म्हणून भाषांतर करण्याआधी मुलाला विचारा, जावंसं वाटतंय की जावं लागतंय? जावं लागतंय, तरच ‘आय हॅव टू गो.’ आणि उच्चार ‘हॅफ्टू’ असा जोडून करायला शिकवा, म्हणजे ऐकतानाही तो ओळखू येतो.

शेवटचं, ‘आय हॅव रिटन अ लेटर.’ इथे मुलं विचारतात, यात कुणाजवळ काय आहे? जुन्या इंग्रजीत खरोखर काहीतरी जवळ होतं. माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेलं, अशी त्या वाक्याची मूळ घडण. काम झालेलं, आणि त्याचं फळ आत्ता हातात. मराठीत आपण ‘माझं पत्र लिहून झालंय’ म्हणतो तेव्हा भाव तोच असतो. फक्त एक खड्डा जपा. मराठीत ‘मी त्याला काल बघितलंय’ बिनदिक्कत चालतं, म्हणून आपण ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ म्हणून जातो. इंग्रजीत काल हा शब्द आला की हॅव बाहेर पडतं, ‘आय सॉ हिम यस्टरडे.’

आता फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहितो. आजीला वेळ नाही. दादा आंघोळ करतोय. मी तो गड पाहिलाय. पालकांनी लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी पुढच्या रांगेतल्या मुलांना बोलू द्या.